समुद्र म्हणजे काय

माझ्या काकांना सगळी मंडळी ‘म्हणजेमास्तर’ म्हणायची. तोंडावर नाही, पाठीमागे. पण इतक्या मोठ्याने की काकांना ऐकू जायचंच. खरं तर ते मास्तर नव्हतेच मुळी. बंदराच्या कचेरीत समुद्राचे नकाशे दुरुस्त करायची त्यांची नोकरी. पण दर रविवारी प्रार्थना संपली की आमच्या ख्रिस्ती देवळामागच्या खोलीत ते पवित्र शास्त्राचा वर्ग घ्यायचे, आणि तिथे कुणी काहीही वाचलं की यांचा प्रश्न ठरलेला, “म्हणजे काय?” घरीही तेच. काकू म्हणाली, “आज अंगात त्राण नाही,” की हे विचारणार, “म्हणजे काय? ताप आहे, झोप झाली नाही, की कुणी काही बोललं?” काकू म्हणायची, “म्हणजे आज चहा तुम्ही करा.”

मी त्यांची पुतणी. आईबाबा एका वर्षात पाठोपाठ गेले आणि काकाकाकूंनी मला नऊ वर्षांची असताना घरी आणलं. त्यांना एकच मुलगा, माझ्याहून चार वर्षांनी मोठा. मी त्याला दादा म्हणायची, आणि त्याने मला कधी पाहुणी वाटू दिलं नाही, म्हणजे रोज माझ्याशी भांडला. माझ्या जिभेला हाड नाही, हे मला त्या घरात पहिल्या आठवड्यातच सांगण्यात आलं. ते खरं होतं. पुढे त्या जिभेने काय करून ठेवलं तेही सांगणार आहे, लपवणार नाही.

काकांचं काम आधी समजून घ्या, नाहीतर पुढचं कळायचं नाही. दर आठवड्याला कचेरीत एक सूचनापत्रक यायचं. अमुक ठिकाणचा दिवा बंद झाला, तमुक ठिकाणी गाळ साठून खोली कमी झाली, वाट दाखवणारं एखादं तरंगतं पिंप जागचं हललं, एखादं जहाज बुडालं. काका उंच मेजावर नकाशा पसरून बारीक टाकाने, जांभळट शाईने ती खूण जागच्या जागी करायचे आणि डाव्या कोपऱ्यात खाली सूचनेचा क्रमांक लिहायचे. आधी खूण, मग क्रमांक. उलट कधी नाही. कारण क्रमांक दिसला की कप्तान डोळे मिटून विश्वास ठेवतो, आणि खूण राहून गेली असली तर त्याचे डोळे कायमचे मिटतात, असं ते म्हणायचे. तीस वर्षांत त्यांची एक खूण चुकली नाही. शाई वाळेपर्यंत ते श्वाससुद्धा बाजूला तोंड करून घ्यायचे. आम्ही हसायचो.

आणि असा हा माणूस रविवारी पुस्तक कुठलं शिकवणार, तर शास्त्रातलं अगदी शेवटचं. ज्याच्यात एक गोष्ट जागच्या जागी नाही. सात डोक्यांचं श्वापद, आकाशातून गळणारे तारे, रक्तासारखा चंद्र, गुंडाळीवरचे शिक्के फुटले की बाहेर पडणारे घोडे. आमच्या मंडळीतली निम्मी माणसं ते पुस्तक उघडायलाच भ्यायची आणि उरलेली निम्मी ते घेऊन दुसऱ्यांना भेववायची. एका निवृत्त हवालदारांना तर श्वापदाचा तो सहाशे सहासष्ट आकडा गाड्यांच्या पाट्यांवर दिसायचा. रस्त्याने जाताना ते वहीत पाट्या उतरवून घ्यायचे. सवय कुठली जायला.

काका त्यांना म्हणायचे, “हवालदार, हे पत्र आहे. पत्रावर पत्ता असतो. सात गावांतल्या सात लहान मंडळ्यांना लिहिलंय. तुमच्या गाडीवाल्याला नाही. लिहिणारा बेटावर हद्दपार. त्याने बादशहाचं नाव उघड लिहिलं असतं तर पत्र नेणाऱ्याची मान गेली असती. म्हणून त्याने चित्रं काढली. त्या माणसांना ती चटकन कळली. आपण एवढंच विचारायचं, पहिल्यांदा ऐकणाऱ्यांना काय कळलं?”

“पण मास्तर, लिहिलंय ते लिहिलंय,” हवालदार म्हणायचे.

“तुमची आई तुम्हाला म्हणायची ना, डोळ्यात तेल घालून पहारा कर? मग घातलंत तेल?”

खोली हसायची. हवालदारही हसायचे आणि पुढच्या रविवारी नव्या पाट्या घेऊन यायचे. पालथ्या घड्यावर पाणी.

काकांनी प्रत्येकाला वहीत तीन रकाने आखायला लावले होते. पहिल्यात चित्र. दुसऱ्यात, तेव्हाच्या माणसांना काय कळलं. तिसऱ्यात, आपण काय घ्यायचं. ‘हे कधी होणार’ आणि ‘हे खरंच होणार का’ हे दोन प्रश्न वर्गात बंद. कुणी विचारलाच तर काका चष्मा काढून पुसायचे, आणि तेवढ्यात विचारणाराच ओशाळा व्हायचा. माझी वही सगळ्यांत नीट. शिंगं म्हणजे सत्ता, पांढरी वस्त्रं म्हणजे छळात टिकलेली माणसं, तारलेल्या माणसांची ती भली मोठी संख्या म्हणजे मोजदाद नव्हे, तर कुणीही सुटलेलं नाही. आणि समुद्र म्हणजे पाणी नव्हे. समुद्र म्हणजे तो काळोख, जिथून श्वापद वर येतं. आणखी एक: लिहिणारा बेटावर, त्याची माणसं किनाऱ्यापलीकडे, मध्ये काय तर समुद्र. म्हणून नव्या जगात समुद्र उरणार नाही असं तो म्हणतो. म्हणजे ताटातूट उरणार नाही. हे सांगताना काकांचा आवाज बदलायचा. मला तो रविवार फार आवडायचा.

दादाला ही सगळी थट्टा वाटायची. तो मालवाहू जहाजावर इंजिनखोलीत कामाला लागला होता. रजेवर आला की जेवताना म्हणायचा, “बाबांचा समुद्र म्हणजे ताटातूट. माझा समुद्र म्हणजे उलट्या.” काका खोटं खोटं रागवायचे. काकू त्याच्या ताटात आणखी वाढायची.

काकू वर्गात कधी बसली नाही. शेजारच्या खोलीत ती पंधरा माणसांचा चहा करायची. दाराला फट होती, त्यामुळे तीस वर्षं तिने सगळा वर्ग ऐकला होता, पण तोंडातून शब्द काढला नव्हता. मी एकदा विचारलं, तुला काय वाटतं गं? म्हणाली, “हे सांगतात ते बरोबरच असेल. मला आपलं देव आहे एवढं पुरतं. म्हणजे काय ते त्यालाच माहीत.” आमच्या घरात श्रद्धा कुणाची पक्की, असं कुणी मला विचारलं असतं तर मी काकूकडे बोट केलं असतं. काकांकडे नाही.

मग दादाचं जहाज बुडालं. फार मोठं वादळसुद्धा नव्हतं. पोटातला माल एका बाजूला सरकला, जहाज कललं आणि वीस मिनिटांत गेलं. चौदा माणसं होती. नऊ वाचली, तिघांची प्रेतं सापडली, दोघं सापडली नाहीत. दादा त्या दोघांतला. वाचलेल्यांपैकी एकजण घरी येऊन सांगून गेला की तो खाली इंजिनातच होता, वर आलाच नाही. काकूने त्या माणसाला बसवून जेवू घातलं. तो गेल्यावर ती त्याच खुर्चीत संध्याकाळपर्यंत बसून राहिली.

मन चिंती ते वैरी न चिंती म्हणतात. काकूच्या मनाने काय काय चिंतलं ते मला माहीत आहे, कारण आम्ही दोघी एका खोलीत झोपायचो. पुरलं असतं तर रडायला जागा असती, असं ती एकदाच म्हणाली. आणि मग तिने ते शेवटचं पुस्तक हातात घेतलं. काकांचंच, समासात बारीक अक्षरांनी भरलेलं. ती समासातलं वाचायची नाही, मधलं वाचायची, बोट फिरवत. एका दुपारी तिने पानात पांढरा दोरा घातला आणि मला हाक मारली.

“हे बघ. समुद्र त्याच्यातली मेलेली माणसं परत देतो, असं लिहिलंय.”

“हो,” मी म्हटलं.

“तुझ्या वहीत याचं काय आहे?”

माझ्या वहीत होतं. दुसऱ्या रकान्यात होतं. पण ते तोंडातून निघेना. मी म्हटलं, “मला काय विचारतेस, काकांना विचार.”

“ते घरी काही बोलत नाहीत गं. विचारलं की उठून बाहेर जातात.”

“मग वर्गात विचार. वर्गात ते कुणाला टाळत नाहीत.”

हे मी म्हटलं. दुसऱ्या कुणी नाही. आ बैल मुझे मार म्हणतात, मी तो बैल काकूच्या अंगावर सोडला.

पुढच्या रविवारी चहाचे कप वाटून झाल्यावर काकू आत आली आणि शेवटच्या बाकावर बसली. पदराला हात पुसत. सगळे माना वळवून बघू लागले. काका त्या दिवशी भलत्याच पानावर होते. त्यांचं बोलणं संपेपर्यंत ती थांबली आणि मग उभी राहिली. नवऱ्यासमोर ती अशी उभी राहिलेली मी पहिल्यांदा पाहिली.

“मला विचारायचंय,” ती म्हणाली. “समुद्र त्याच्यातली माणसं परत देईल, असं लिहिलंय. देईल का?”

काकांनी चष्मा काढला. पुसला. आणि सवयीने त्यांच्या तोंडून निघालं, “म्हणजे काय, ते आधी पाहू.” ते म्हणताच त्यांचा चेहरा उतरला, पण गाडी सुटली होती, मग ते थांबलेच नाहीत. “त्या काळच्या लोकांची अशी समजूत होती की ज्याला माती मिळाली नाही, त्याला पलीकडे दार उघडत नाही. बुडालेली माणसं कायमची हरवली, असं ते धरून चालायचे. लिहिणारा त्यांना सांगतो, तसं नाही. देवाच्या हिशेबातून कुणीही सुटत नाही. समुद्र हे इथे...”

“मी त्यांचं विचारत नाही हो,” काकू म्हणाली. “ती माणसं मरून गेली. मी माझं विचारतेय. माझा मुलगा मला परत दिसेल का? त्याच्या चेहऱ्यासकट?”

हवालदार जमिनीकडे बघत होते. बंद केलेला प्रश्न होता तो, आणि विचारणारी ओशाळली नव्हती.

“हे चित्र आहे,” काका हळू म्हणाले. “चित्राचं वचन करता येत नाही मला. मी इतकी वर्षं इथे हेच शिकवलं. आज तुझ्यासाठी वेगळं सांगू का?”

“बरं,” काकू म्हणाली. तिने रिकामे कप गोळा केले, एकात एक घातले आणि ती बाहेर गेली.

घरी आल्यावर मी काकांना सोडलं नाही. “एक हो म्हणायला काय झालं होतं? जीभ झडली असती का? जखमेवर मीठ चोळायला पंधरा माणसं कशाला लागतात तुम्हाला?” आणखीही बोलले. वर्गात विचार, हे मीच तिला सांगितलं होतं, तेवढं सोडून सगळं बोलले.

काका ऐकून घेत होते. मग म्हणाले, “तिने मला विचारलं, कारण मी खोटं बोलत नाही. नुसता धीर हवा असता तर देवळातल्या पाळकांकडे गेली असती.”

“म्हणजे ते खोटं आहे?”

“मला माहीत नाही.” ते पलंगाच्या कडेवर बसले. “तीस वर्षं मी लोकांना सांगत आलो, हे चित्र याचं, ते चित्र त्याचं. भिंतीवरचं चित्र दाखवत राहिलो. भिंतीमागे खोली आहे का, हे मी कधी बघितलंच नाही. गरजच पडली नव्हती गं.” माझा राग तिथल्या तिथे विझला, आणि त्याच्या जागी जी भीती आली ती अजून गेलेली नाही.

जहाज बुडाल्यापासून चौथ्या महिन्यात कचेरीत त्याची सूचना आली. मी तोपर्यंत त्याच कचेरीत टपाल विभागात लागले होते, त्यामुळे पाकीट माझ्याच हातून फुटलं. पाहणी करणाऱ्या बोटीला जहाज सापडलं होतं. अक्षांश, रेखांश, खोली बासष्ट मीटर. जहाजाचं नावसुद्धा नव्हतं, फक्त ‘बुडालेलं जहाज’. पण बुडाल्याची तारीख होती, आणि तेवढी पुरे होती. मी कागद घेऊन साहेबांकडे गेले. साहेब भला माणूस. ते स्वतः उठून नकाशाखोलीत आले आणि काकांना म्हणाले, हे आज दुसऱ्या कुणाला करू द्या.

“माझ्या हातचे नकाशे आहेत ते,” काका म्हणाले.

त्या भागाचे सव्वीस नकाशे शिलकीत होते. सव्वीस वेळा तीच खूण. एक आडवी रेघ, तिच्यावर तीन उभे काप. शेजारच्या मेजावरच्या नव्या कारकुनाने विचारलं, भोवती ठिपक्यांचं कडं काढायचं का? उथळ पाण्यात बुडालेल्या जहाजाला ते कडं काढतात, वरून जाणाऱ्यांना धोका आहे हे कळावं म्हणून. काका म्हणाले, “नाही. खोल आहे. याचा कुणाला धोका नाही.” तो पोरगेला कारकून बिचारा, त्याला काही ठाऊक नव्हतं. काकांनी सकाळपासून दुपारी तीनपर्यंत ते काम केलं. आधी खूण, मग क्रमांक. प्रत्येक वेळी शाई वाळेपर्यंत तोंड बाजूला. त्या दिवशी मला हसू आलं नाही.

आणि घरी जाऊन मी काकूला सांगितलं. सांगितल्याशिवाय राहवलं असतं तर मी मी कसली.

दुसऱ्या दिवशी काकू माझ्याबरोबर कचेरीत आली. तीस वर्षांत ती त्या इमारतीची पायरी चढली नव्हती. काकांनी तिला बघितलं आणि काही न विचारता वरचाच नकाशा मेजावर पसरला. चार कोपऱ्यांवर चार शिशाची वजनं ठेवली. काकूने बराच वेळ निळ्यापांढऱ्या कागदाकडे पाहिलं. मग त्यांनी तिला बोटाने दाखवलं.

“एवढंसं?” ती म्हणाली.

“खूण एवढीच असते.”

“ही कशाचं चित्र आहे?”

“चित्र नाही. नकाशात खूण केली की ती वस्तू तिथे असते.”

“नक्की?”

“नक्की.”

“तुमच्या त्या पुस्तकासारखं नाही. समुद्र म्हणजे दुसरंच काही, असं नाही.”

“नाही. इथे समुद्र म्हणजे समुद्र.”

काकूने त्या खुणेवर बोट ठेवलं. शाईवर कुणी बोट ठेवलं तर काका ओरडायचे. त्या दिवशी गप्प राहिले. ती म्हणाली, “अख्ख्या जन्मात तुमच्याकडची एकच गोष्ट जशी लिहिली तशी निघाली. आणि ती ही.” मग ती मला म्हणाली, चल, मला जिन्यापर्यंत सोड, गुडघे दुखतात.

त्यानंतर काकू देवळात गेली नाही. भांडण नाही, तंटा नाही. रविवारी सकाळी ती भाजी निवडत बसायची. पाळक दोनदा येऊन गेले, तिने त्यांना चहा दिला, खाली मान घालून ऐकून घेतलं. झोपताना ती पूर्वी पुटपुटायची, ते थांबलं. मला त्या पुटपुटण्याची इतकी सवय होती की कित्येक दिवस झोप लागेना. काकांनी वर्ग चालू ठेवला, पण चहा बंद झाला आणि माणसंही कमी झाली. एकदा मी दाराच्या फटीतून बघितलं, तर काका पुस्तक उघडून बसले होते आणि समोर फक्त हवालदार.

अडीच वर्षांनी काकूच्या पोटात गाठ निघाली. डॉक्टरांनी उघडून बघितलं आणि पुन्हा शिवून टाकलं. तिला घरी आणलं. तेव्हा काका एका सकाळी स्वयंपाकघरात माझ्यामागे येऊन उभे राहिले. त्यांनी नळाखाली धरलेला पेला भरून वाहत होता तरी त्यांचं लक्ष नव्हतं.

“ती पुन्हा विचारेल,” ते म्हणाले. “या वेळी मी हो म्हणणार आहे.”

“आत्ता सुचलं?”

“रोज सुचतंय. दोन वर्षं मी हो म्हणायची वाट बघतोय, आणि ती विचारतच नाही.”

“मग तुम्हीच सांगा ना जाऊन.”

“न विचारता सांगितलं तर तिला कळेल, मी समजूत काढतोय.” पेला त्यांनी तसाच ओतून टाकला. “तिने विचारावं. म्हणजे मी लगेच सांगेन.”

बघा या माणसाचं. इतक्या वर्षांचा संसार, आणि बायकोला जाता जाता एक शब्द द्यायला तो वर्गासारखा हात वर व्हायची वाट बघत होता. पण मला त्यांचा राग आला नाही. मीसुद्धा त्या शब्दासाठीच जीव मुठीत धरून बसले होते. काकूला तो एक शब्द मिळाला असता तर ती दादाकडे जायला निघाली असती. नाही मिळाला तर ती नुसतीच संपणार होती. यातलं कुठलं होणार, हे फक्त काकांच्या तोंडात होतं.

तिने विचारलं. दुपारचे तीन वाजले असतील. मी पायथ्याशी धुतलेल्या चादरीची घडी घालत होते, काका उशाशी बसून तिच्या ओठांना ओला कापूस लावत होते. डोळे मिटूनच ती म्हणाली, “अहो. देईल का हो तो परत?”

“देईल,” काका म्हणाले. लगेच. ठरवल्याप्रमाणे. माझ्या छातीवरचा धोंडा उतरला.

काकूने डोळे उघडले. त्यांच्याकडे बघितलं. तीस वर्षं दाराच्या फटीतून ऐकलेलं तिने वाया घालवलं नव्हतं.

“नकाशातल्यासारखं,” ती म्हणाली, “की पुस्तकातल्यासारखं?”

याची तयारी काकांनी केली नव्हती. मीही केली नव्हती. मी मनात म्हणत होते, म्हणा, आता म्हणा, थांबू नका. चादरीची दोन टोकं माझ्या हातात होती. खाली रस्त्यावर कुणीतरी सायकलची घंटी वाजवत गेलं, ती घंटी लांब जाईपर्यंत मी ऐकली. काकांचे ओठ हलले आणि मिटले. त्यांना खोटं बोलायचं होतं हो, मनापासून बोलायचं होतं. पण जन्मभर जो माणूस आधी खूण आणि मग क्रमांक लिहीत आला, त्याचा हात रिकाम्या जागेवर उठेना.

“नकाशातल्यासारखं,” ते म्हणाले.

पण उशीर झाला होता. फार नाही, दोन श्वासांचा. काकूने तोपर्यंत मान भिंतीकडे वळवली होती. “राहू द्या,” ती म्हणाली. “पाणी द्या जरा.”

ती त्यानंतर नऊ दिवस होती. पाण्याशिवाय तिने काही मागितलं नाही आणि काही विचारलं नाही.

याला आता बरीच वर्षं झाली. नकाशे यंत्रावर दुरुस्त होतात, टाक आणि शाई कचेरीने कधीच मोडीत काढली. वर्ग आता मंडळीतला एक पंपदुरुस्तीवाला घेतो, तिथे खोली भरून माणसं येतात आणि ‘कधी होणार’ एवढंच विचारतात. तो त्यांना सांगतोही. काका एक्याऐंशीचे आहेत. डोळ्यांनी दिसत नाही म्हटलं तरी चालेल. मी त्यांच्याजवळच राहते. लग्न केलं नाही. त्याची कारणं वेगळी आहेत, आणि कुणी विचारलं तर मी म्हणते, जिभेला हाड असलेली बायको सगळ्यांना हवी असते. माझी ती तीन रकान्यांची वही मी एकदा बंबात घातली. त्यांना ते माहीत नाही.

मागच्या महिन्यात दुपारी मी त्यांची नखं कापत होते. त्यांनी हात काढून घेतला.

“तू माझ्या वर्गातली सगळ्यांत हुशार,” ते म्हणाले. “तू सांग. देईल का गं तो? दोघांनाही. मला दिसतील?”

मी तयार होते. इतकी वर्षं मी दुसरं केलंय काय? भांडी घासताना, जिना चढताना, गर्दीत उभी असताना मी ते उत्तर घोकत आले होते. मी श्वास घ्यायलाही थांबले नाही.

“देईल, काका. नकाशातल्यासारखं.”

काकांनी माझ्या आवाजाकडे तोंड वळवलं. वर्गात कुणी चुकीचं उत्तर दिलं, आणि त्याचं मन मोडायचं नसलं, की ते जशी हळूच मान हलवायचे, तशी त्यांनी मान हलवली. आणि दुसरा हात माझ्यापुढे केला.